अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी द्यायची असेल तर

बारशाला येणाऱ्या भेटींमध्ये हल्ली एक खोका हमखास असतो. आत छोटी बाटली, दोन निपल, एक खुळखुळा आणि एक रंगीत चोखणी. दुकानात तिला पॅसिफायर किंवा सूदर म्हणतात. बारसं असतं बाराव्या दिवशी, म्हणजे नेमकं आईचं दूध आणि बाळाचं पिणं यांची घडी बसत असते तेव्हा. त्याच संध्याकाळी बाळ किरकिरतं आणि कुणीतरी मायेनंच म्हणतं, "अगं, ती नवीन चोखणी दे की, घटकाभर तुलाही पाठ टेकता येईल."

माझ्या मुलीच्या वेळी आम्ही बारशापर्यंतही थांबलो नव्हतो. सहाव्या दिवसापासून चोखणी सुरू झाली आणि घरात शांतता नांदू लागली. बाळ किती गुणी आहे म्हणून आल्यागेल्यांनी कौतुक केलं. अठराव्या दिवशी वजन केलं तर जन्माच्या वेळी २ किलो ९०० ग्रॅम असलेली मुलगी २ किलो ७५० ग्रॅमवर होती. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "चोवीस तासांत किती वेळा पाजता?" बोटांवर मोजलं तर सहा वेळा. ती रडून दूध मागत होती आणि आम्ही तिच्या तोंडात रबर देत होतो. चोखणी बंद केली, दर दोन तासांनी छातीशी घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात तिनं २०० ग्रॅमहून जास्त वजन घेतलं. मुलाच्या वेळी मी चोखणी वापरली, पण सव्वा महिना उलटल्यावर आणि नियमानं. तेव्हा तिचा उपयोगच झाला.

त्यामुळे चोखणी वाईट, असं मी म्हणणार नाही. ती रडणं थांबवते, भूक थांबवत नाही. तिच्यामुळे एकही पाजणं टळता कामा नये. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

आधी दुधाचं गणित

पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं. तिथून पुढे दूध किती बनायचं हे बाळ ठरवतं. बाळ ओढतं तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि दूध तयार होतं. छाती रिकामी होत राहिली की पुढचं दूध लवकर बनतं, भरलेली राहिली की बनण्याचा वेग मंदावतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ही मागणी नोंदवली जाते. त्या काळात बाळाचं रोजचं अर्धा-पाऊण तासाचं चोखणं छातीऐवजी रबरावर खर्च झालं, तर शरीराला निरोप जातो की एवढ्या दुधाची गरज नाही.

दुसरी गोष्ट तोंडाच्या ठेवणीची. नीट पिणारं बाळ तोंड मोठं उघडतं, बोंडासकट भोवतालच्या काळसर भागाचा मोठा घास घेतं, हनुवटी छातीला टेकवतं, खालचा ओठ बाहेर वळवतं आणि जिभेनं दूध ओढतं. चोखणीला एवढं काही लागत नाही, ओठ आवळले की झालं. पिण्याची सवय अजून कच्ची असलेलं बाळ छातीवरही तसेच ओठ आवळू लागलं, तर बोंडं चिरतात आणि दूधही कमी निघतं. सगळ्याच बाळांचं असं होत नाही. पण आपलं बाळ त्यातलं आहे की नाही, हे आधी कळायला काही मार्ग नाही.

तज्ज्ञांचं मतही काळानुसार बदललं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या मांडल्या, त्यातली नववी पायरी स्पष्ट होती: अंगावर पिणाऱ्या बाळाला कृत्रिम निपल किंवा चोखणी देऊ नका. २०१८ च्या सुधारित पायऱ्यांमध्ये सरसकट मनाई नाही. बाटली, निपल आणि चोखणीचा वापर आणि त्यांचे धोके आईला समजावून सांगा, असं त्यात म्हटलं आहे. पूर्ण दिवस भरलेल्या निरोगी बाळांवरच्या चाचण्यांचा, वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावाही आहे. त्यानुसार ज्या आयांचा पाजण्याचा निश्चय पक्का होता, त्यांच्या बाळांनी चोखणी घेतली तरी चार महिन्यांपर्यंतच्या निव्वळ स्तनपानात फरक पडला नाही. माझ्या मते यातले कळीचे शब्द 'निश्चय पक्का' हे आहेत. दूध पुरतं की नाही या शंकेनं आधीच धास्तावलेल्या बाळंतिणीची गोष्ट वेगळी असते.

पायरी १: सुरू करायची वेळ आली का, ते तपासा

तारखेवर जाऊ नका. चार आठवडे हा किमान काळ धरा आणि त्यानंतरही या खुणा बघा.

बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या पुढे गेलेलं हवं. पहिल्या काही दिवसांत सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं, पण दहा ते चौदा दिवसांत ते भरून निघायला हवं. त्यापुढे पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर, कपडे काढून वजन केलंत तर चित्र स्पष्ट होतं. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रातही ते करून मिळतं.

पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा भरपूर आणि फिक्या रंगाची शू व्हायला हवी. कापडी लंगोट वापरत असाल तर मोजणं सोपं जातं. डायपरमध्ये अंदाज चुकतो, म्हणून मोजायचं असेल तेव्हा दोन दिवस लंगोटच घाला.

दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं होत असावं, आणि पाजताना दुखत नसावं. शेवटची अट बायका विसरतात. बोंडं चिरली आहेत, पाजायच्या नुसत्या कल्पनेनं अंगावर काटा येतो, म्हणून चोखणी हाताशी घेतली जाते. तसं करू नका. दुखतंय याचा अर्थ बाळाची पकड चुकते आहे. स्तनपान सल्लागाराला किंवा पाजण्यातलं कळणाऱ्या नर्सला समोर बसून पकड दाखवा. बहुतेक वेळा बाळाला धरण्याची पद्धत बदलली की दोन-तीन दिवसांत फरक पडतो.

बाळ कावीळ झाल्यामुळे सुस्त असेल, वजन अडलं असेल, टाळूला किंवा जिभेला काही अडचण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोखणी नको. सुस्त बाळ तशीही कमी मागतं. त्याला उठवून पाजायचं असतं, शांत करायचं नसतं.

याला एक मोठा अपवाद आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या आणि एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असलेल्या बाळांना डॉक्टर स्वतःहून चोखणी देतात. नळीनं दूध चालू असताना चोखण्याचा सराव होतो, नळीवरून तोंडानं पिण्याकडे लवकर जाता येतं, टोचाटोचीचा त्रासही कमी जाणवतो. तिथे हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर सांगतील तसं करा.

पायरी २: रडण्याआधीचं बोलणं ओळखा

रडणं ही भुकेची शेवटची पायरी असते. त्याआधी बाळ जीभ बाहेर काढतं, ओठ मुडपतं, मूठ तोंडाशी नेतं, मान वळवून शोधत राहतं. या वेळी चोखणी दिली तर बाळ ती घेतंही, आणि आपल्याला वाटतं, त्याला हेच हवं होतं. घात होतो तो इथेच.

म्हणून चोखणी उचलण्यापूर्वी ही उजळणी करा. शेवटचं पाजून दीड-दोन तास झाले का? मग आधी छाती. नुकतंच पाजलं असलं तरी बाळ शोधत असेल, तर दुसऱ्या बाजूला लावून बघा. ढेकर निघाला का? लंगोट ओला आहे का? उकडतंय का? आपल्याकडे हे शेवटचं फार घडतं. शेकशेगडी, टोपडं, अंगडं, वर दुपट्याची घट्ट गुंडाळी, आणि खोलीच्या खिडक्या बंद. मानेमागे हात लावून बघा, घामेजली असेल तर बाळ गरमीनं रडतंय. आणि कडेवर घेऊन फिरलात, नुसतं छातीशी धरलंत, तर शांत होतं का? त्याला माणूस हवं असेल, तर माणूसच द्या.

संध्याकाळी सहा-सातपासून रात्री दहापर्यंत काही बाळं सतत पितात. पंधरा मिनिटं पितात, सोडतात, परत मागतात. घरातले म्हणतात, दूध पुरत नाही. तसं नसतं. दुसरा-तिसरा आठवडा, सहावा आठवडा आणि तिसरा महिना यांच्या आसपास असे दिवस येतात आणि त्या ओढण्यानंच पुढचं दूध वाढतं. या संध्याकाळी चोखणी कपाटात ठेवा. जेवणाचं ताट कुणीतरी तुमच्या हातात आणून देईल, अशी सोय तेवढी करा.

पायरी ३: विकत घेताना

रंग, चित्रं, चमचम सगळं बाजूला ठेवून एवढंच बघा:

- सगळी चोखणी एकसंध साच्यातली हवी. वेगवेगळे भाग जोडलेले असले, तर ते निघून घशात अडकू शकतात.
- तोंडाबाहेर राहणारी चकती कडक आणि निदान दीड इंच रुंद हवी, म्हणजे ती तोंडात जाऊच शकणार नाही. चकतीला हवेसाठी भोकं हवीत.
- पाकिटावर बाळाचं वय दिलेलं असतं. त्याप्रमाणेच घ्या. सहा महिन्यांच्या बाळाची चोखणी सव्वा महिन्याच्या बाळाला मोठी होते.
- सिलिकॉनची घ्या. रबराची लवकर चिकट होते, फुगते, आणि काहींना तिची ॲलर्जी येते.

आत मध किंवा गोड पाणी भरलेली चोखणी कुणी दिली तर ती वापरू नका. एक वर्षाच्या आत बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाटलीचं निपल कापूस भरून चोखणीसारखं द्यायची पद्धतही काही घरांत आहे. चोखताना ते सुटून थेट घशात जाऊ शकतं, म्हणून ती बंदच करा.

एकसारख्या दोन-तीन चोखण्या घ्या. एक उकळत असताना दुसरी हाताशी लागते, आणि बाळाला एका आकाराची सवय झाली की ते वेगळा घेत नाही.

पायरी ४: उकळणं, धुणं, बदलणं

नवी चोखणी पाच मिनिटं उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. आत पाणी शिरलं असेल तर दाबून काढा, ते पाणी गरम राहतं आणि जीभ पोळते. सहा महिन्यांपर्यंत रोज एकदा उकळा. त्यानंतर साबणाच्या पाण्यानं धुऊन, चांगली खळबळून वाळवली तरी चालते. सांभाळण्यासाठी झाकणाचा स्टीलचा डबा बरा, पर्सच्या कप्प्यात सुटी टाकू नका.

जमिनीवर पडली की आपण स्वतःच्या तोंडात घालून साफ करतो, पदराला पुसतो. दोन्ही नको. आपल्या तोंडातले दात किडवणारे जंतू बाळाकडे जातात.

मधात, साखरेत, गुटीत, ग्राइप वॉटरमध्ये बुडवून देऊ नका. आजीचा हेतू चांगला असतो, हे मला ठाऊक आहे. पण पहिले सहा महिने बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय दुसरं काही जायचं नाही, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं चालतं.

दर वापराआधी चोखणी दोन्ही हातांनी ओढून बघा. चीर, चिकटपणा, रंग बदललेला दिसला की फेकून द्या. काही दिसत नसलं तरी दोन महिन्यांत बदला.

बाळाच्या जिभेवर किंवा गालाच्या आत न पुसला जाणारा पांढरा थर आला, तुमच्या बोंडांना खाज आणि आग होऊ लागली, तर ती बुरशी असू शकते. डॉक्टर आई आणि बाळ दोघांनाही औषध देतात. तोवर चोखणी रोज उकळा आणि बरं झाल्यावर नवी आणा, नाहीतर तीच बुरशी परत फिरते.

पायरी ५: पहिल्यांदा देताना

पोटभर पाजा. ढेकर काढा. थोडा वेळ खांद्यावर घ्या. बाळ तृप्त आहे, मुठी सैल पडल्या आहेत, पण डोळे मिटत नाहीत आणि नुसतं चोखायला काहीतरी हवं आहे, असं दिसलं की ती वेळ.

चोखणीचं टोक वरच्या ओठाला हलकेच लावा आणि थांबा. बाळ स्वतः तोंड उघडून आत ओढून घेईल. ओढलं नाही तर ढकलू नका, थुंकली तर परत कोंबू नका. काही बाळं कधीच घेत नाहीत, त्यात काहीही बिघडत नाही.

आता बाळाकडे नीट बघा. संथ लयीत, मध्ये थांबत चोखत असेल आणि डोळे जड होत असतील तर ठीक. भराभर ओढून, चिडून बाहेर टाकत असेल, परत शोधत असेल, तर ते उपाशी आहे. घड्याळात काहीही वाजलेलं असो, छातीशी घ्या.

बाळ शांत झालं, जागं आहे, तर चोखणी काढून ठेवा. तोंड मोकळं असलं तरच ते हुंकार देणार, ओठ हलवणार, आपल्याशी बोलणार. दिवसभर तोंडात चोखणी असलेलं बाळ भूक लागल्याची खूण करणार कशी?

झोपेची वेळ

झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूचा धोका झोपताना चोखणी दिल्यानं कमी आढळतो. म्हणून अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स दुपारी आणि रात्री झोपवताना ती द्यायला सुचवते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत मात्र पाजण्याची घडी नीट बसल्यावरच. स्तनपानानंही तो धोका कमी होतो, म्हणून चोखणीपायी पाजणं कमी करणं उलटंच ठरेल.

बाळाला पाठीवर, सपाट आणि टणक अंथरुणावर झोपवा. उशी, जाड दुपटं, मऊ खेळणी आसपास नकोत. झोळीत बाळाची मान पुढे झुकते, तिथे न्याहाळत बसायला कुणी नसेल तर झोपवून निघून जाऊ नका. झोप लागल्यावर चोखणी गळून पडली की पडू द्या, परत तोंडात घालायची गरज नाही.

आणि दोरा! गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली चोखणी मी कितीतरी बाळांच्या गळ्यात पाहिली आहे. हरवू नये म्हणून, आणि दृष्ट लागू नये म्हणूनही. त्या दोऱ्याचा फास बसू शकतो. गळ्यात नाही, पाळण्याच्या दांडीला नाही, मनगटालाही नाही. जागेपणी कपड्याला लावायची क्लिप वापरलीत, तर तिची पट्टी वीतभरापेक्षा लांब नको, आणि झोपवताना तीही काढा.

रात्री बाळ उठलं की पहिले काही महिने पाजणंच. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, त्यामुळे ते पाजणं दुधाच्या दृष्टीनं मोलाचं. आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, या तिन्ही अटी पाळल्या तरच पाजण्यानं गर्भधारणेपासून संरक्षण मिळतं. चोखणीमुळे पाजण्यातलं अंतर वाढलं तर त्या भरवशावर राहू नका.

घरातल्यांना काय सांगायचं

चोखणी बहुधा आई देत नाही. आई अंघोळीला गेलेली असते, झोपलेली असते, आणि ज्याच्या हातात बाळ असतं तो देतो. म्हणून नियम सगळ्यांना माहीत हवा. आम्ही पाळण्याजवळच्या भिंतीवर कागद लावला होता: "आधी आईला विचारा. पाजून किती वेळ झाला ते बघा." सासूबाईंना सुरुवातीला ते खटकलं. वजनाचा तक्ता दाखवला आणि मुलीच्या वेळची आठवण काढली, तेव्हा त्याच सगळ्यांना सांगू लागल्या.

पहिल्या दोन अपत्यांसाठी नोकरदार आईला २६ आठवड्यांची प्रसूती रजा असते. म्हणजे कामावर परतायची वेळ आणि वरचं अन्न सुरू करायची वेळ साधारण एकच येते. सांभाळणाऱ्या मावशींना स्पष्ट सांगा: भूक दिसली की काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजायचं, चोखणीनं वेळ मारून न्यायची नाही. संध्याकाळी घरी आलात की आधी बाळाला छातीशी घ्या. त्या वेळी चोखणी दृष्टीस पडू देऊ नका.

लस टोचताना मात्र चोखणीआधी छातीच. पाजत असताना टोचलं तर बाळाला कमी दुखतं. ते शक्य नसेल तर चोखणी चालेल.

कधी थांबायचं

आठवड्याच्या वजनाची वाढ मंदावली, लंगोट कमी ओले होऊ लागले, बाळ छातीवर आलं की तोंड फिरवतं किंवा दोन मिनिटांत झोपतं, बोंडं नव्यानं दुखू लागली, तर चोखणी त्याच दिवशी बंद करा. चार-पाच दिवस बाळ जास्तीत जास्त वेळ अंगावर ठेवा. आठवडाभरात वजन सावरलं नाही तर डॉक्टरांकडे जा. शू फारच कमी झाली किंवा बाळ उठवूनही उठत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा, थांबू नका.

सोडवणं

सहा महिन्यांनंतर चोखणी फक्त झोपेपुरती ठेवा. त्या वयापासून कान फुटण्याचं, कानात पू होण्याचं प्रमाण चोखणी घेणाऱ्या बाळांत जास्त दिसतं. वारंवार कान दुखत असेल तर लगेच सोडवा. वर्षाच्या आसपास पूर्ण सुटली तर उत्तम. दोन-तीन वर्षांपुढे चालू राहिली तर पुढचे दात पुढे येतात, वरचे-खालचे दात मिटत नाहीत.

आधी दुपारच्या झोपेची बंद करा, आठवड्यानं रात्रीची. तिच्या जागी काहीतरी ठरलेलं द्या: पाठ थोपटणं, एकच अंगाई, दिवा मंद करणं. टोकाला कडुनिंब किंवा मिरची लावू नका, बाळ घाबरतं आणि तोंड भाजतं. टोक कापूनही देऊ नका, तुकडा सुटून घशात जाऊ शकतो. बाळ आजारी असेल, तुम्ही नुकत्या कामावर परतला असाल किंवा घर बदलत असाल, तर महिनाभर पुढे ढकला.

माझ्या मुलाची रात्रीची चोखणी अकराव्या महिन्यात सोडवली. तीन रात्री तो रडला, चौथ्या रात्री बाबांच्या खांद्यावर दहा मिनिटांत झोपला. सोडवायला घ्याल त्या दिवशी घरातल्या सगळ्या चोखण्या गोळा करून टाकून द्या. प्रवासाच्या बॅगेतली आणि आजीच्या कपाटातलीही आठवणीनं काढा, रात्री दोन वाजता तीच सापडते.